कॅसेटची दुसरी बाजू

प्रश्न : ताई, आम्ही पाच मित्र बेळगावात अनगोळमधल्या एका गॅरेजमध्ये सराव करतो. मी मूळचा खानापूरचा, इथं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची गाणी मराठी आहेत, दोन कन्नड आहेत, कारण ड्रमर कन्नड आहे. दोन वर्षांपूर्वी पाच गाणी रेकॉर्ड करून नेटवर टाकली, गॅदरिंगला तीच वाजवली, सगळे नाचले. आता नवीन सात गाणी तयार आहेत. ती जरा संथ आहेत. मित्रांना ऐकवली तर म्हणतात, "पहिल्यासारखी मजा नाही रे. बँडचं पहिलं तेच खरं, पुढं सगळे बिघडतात." हे खरं आहे का? पुढचं काम पहिल्यापेक्षा सरस झालं असे रॉक बँड आहेत का? मला अहो-जाहो करू नका.
— अ., अनगोळ

उत्तर : आहेत, आणि बरेच आहेत. मी रॉक ऐकायला लागले तीच मुळी अशा एका बँडपासून, म्हणून आधी ती कॅसेट सांगते.

१९८७ साल. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दादा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत नुकताच लागला होता. कामासाठी तो पणजीला गेला, तिथून येताना एक कॅसेट भरून घेऊन आला. तेव्हा काही दुकानांत एलपीवरून, म्हणजे मोठ्या तबकडीवरून, कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचे. नव्वद मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस. दुकानदारानं एका बाजूला पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम भरला होता, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन'. दुसऱ्या बाजूला आठवा, 'द डार्क साइड ऑफ द मून'. पहिला बेचाळीस मिनिटांचा, आठवा त्रेचाळीस, दोन्ही बरोबर मावले. दादानं आतल्या कागदावर निळ्या शाईनं लिहिलं होतं : 'अ - १९६७, ब - १९७३'. कॅसेट उलटली की सहा वर्षं पुढं जायची.

'अ' बाजू मला पहिल्या दिवशीच आवडली. ती खेळकर आहे, रंगीत आहे, कुठूनही कुठंही उडी मारते. त्यातली बहुतेक गाणी सिड बॅरेट या पोरसवदा माणसानं लिहिली होती. 'ब' बाजू कळायला महिना लागला. ती सुरू होते काळजाच्या ठोक्यांनी, इतक्या हळू की आमच्या टेपचा आवाज पूर्ण वर केल्याशिवाय ते ऐकूच येत नसत. आणि मग एका संध्याकाळी ते गाणं आलं ज्यात एक बाई शब्दांशिवाय गाते. आई आत भाकऱ्या थापत होती. ती थापता थापता थांबली, पीठ लागलेल्या हातांनीच दारात आली आणि म्हणाली, "काय ऐकूलीस गं हे? शब्दच न्हाईत की." गाणं संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपली. ती परत आत जाताना एवढंच म्हणाली, "परत लाव."

ती बाई म्हणजे क्लेअर टॉरी. जानेवारी १९७३ मध्ये तिला एका संध्याकाळपुरतं लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं होतं. शब्द नकोत, स्वतःला एक वाद्य समजून गा, एवढ्याच कल्पनेवर ती गायली. त्या दिवसाचे तिला तीस पौंड मिळाले. पुढं बऱ्याच वर्षांनी रचनेतला सहभाग म्हणून तिचं नावही लागलं. आमच्या आईला इंग्रजी येत नव्हतं, पण आलाप कळत होता. त्या गाण्यानं तिला अडवलं नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या कॅसेटच्या दोन बाजूंच्या मधल्या सहा वर्षांत आहे. सिड बॅरेटचं मन:स्वास्थ्य ढासळलं आणि १९६८ मध्ये तो बँडबाहेर गेला. ज्याच्यामुळं बँडला ओळख होती तोच गेला. उरलेले चौघे पुढची तीन वर्षं चाचपडत होते. कधी ऑर्केस्ट्रा बरोबर घेतला, कधी प्रत्येकानं अल्बमचा एकेक तुकडा एकट्यानं केला. त्यातलं सगळंच काही मला ऐकवत नाही, आणि ते मी लपवणार नाही. मग १९७१ मध्ये ते स्टुडिओत बसले तेव्हा हाताशी एकही गाणं नव्हतं. नुसते तुकडे वाजवत राहिले आणि त्या चोवीस तुकड्यांना नाव दिलं 'काहीच नाही, भाग एक ते चोवीस'. त्यात पियानोची एकच पट्टी एका फिरत्या स्पीकरमधून वाजवल्यावर पाण्यात थेंब पडावा तसा आवाज आला. तो थेंब धरून त्यांनी 'एकोज' उभं केलं, तेवीस मिनिटांचं, एलपीची एक पूर्ण बाजू. मला विचारशील तर हा बँड खरा जन्मला तो त्या थेंबातून. त्यानंतर 'डार्क साइड'. तेही स्टुडिओत जाऊन एका झटक्यात केलेलं नाही. १९७२ च्या सुरुवातीपासून ते त्यातली गाणी सलग रंगमंचावर वाजवत होते, लोकांसमोर दुरुस्त करत होते. मार्च १९७३ मध्ये अल्बम आला तेव्हा त्या तालमीला वर्ष उलटून गेलं होतं. पुढं अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत तो १९८८ पर्यंत मिळून ७४१ आठवडे होता.

दादा या अल्बमबद्दल एक गोष्ट नेहमी सांगायचा. फाउंड्रीत वाळूच्या साच्यात धातूचा रस ओतताना रनर आणि रायझर ठेवावे लागतात : रनर म्हणजे रस आत जायची वाट, रायझर म्हणजे जादा रसाचा साठा. रस थंड होताना आक्रसतो, तेव्हा रायझरमधला रस आत उतरतो, नाहीतर जॉबमध्ये, म्हणजे ओतलेल्या वस्तूत, पोकळी राहते. पण जॉब बाहेर काढला की तेच रनर-रायझर तोडायचे, कडा घासायच्या, फेटलिंग करायचं. "ओतलं म्हंजे झालं न्हवं," तो म्हणायचा, "तोडल्याबिगर जॉब हातात घेता येत न्हाई." पहिल्या अल्बममध्ये पुष्कळ काही भरलेलं असतं आणि ते लागतंच. पुढं सरस होणारे बँड कोणते? तर ज्यांना काय तोडायचं ते कळलं ते. गेली पस्तीस-छत्तीस वर्षं ऐकून माझं हे मत झालंय.

आणि हे कळायला इंग्लंडला जायला नको. बेळगावहून सुळेभावी किती लांब आहे? तिथं १९२४ मध्ये कुमार गंधर्वांचा जन्म झाला. लहानपणी ते मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तशाच्या तशा गायचे, आणि मोठमोठे लोक थक्क व्हायचे. तो त्यांचा 'पहिला अल्बम' म्हण. मग ऐन उमेदीत क्षयरोग झाला. १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी ते देवासला गेले, काही वर्षं अंथरुणावर, गाणं बंद. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं. खिडकीतून माळव्याची लोकगीतं कानावर पडत होती, ती ते ऐकत राहिले. बरे होऊन पुन्हा गायला बसले तेव्हा लांब दमाच्या ताना पूर्वीसारख्या नव्हत्या. त्यांची जागा छोट्या, धारदार स्वरवाक्यांनी घेतली आणि मध्ये शांतता आली. आज आपण ज्यांना कुमार गंधर्व म्हणतो ते हे, आजारानंतरचे. ज्यांनी त्यांचं लहानपणचं गाणं ऐकलं होतं, त्यातल्या काहींना हे नवं गाणं रुचलं नाही. तुझ्या मित्रांसारखंच झालं बघ.

शांततेचा विषय निघालाच आहे तर टॉक टॉक या बँडबद्दल सांगते, कारण तुझी गाणी संथ झाली आहेत असं तू लिहिलं आहेस. हा इंग्लंडचा बँड १९८२ मध्ये आला. सिंथेसायझरची, नाचायला लावणारी गाणी. १९८४ मध्ये 'इट्स माय लाइफ' गाजलं. १९८६ चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' सगळ्यात जास्त खपला. कंपनी खूश झाली आणि पुढच्या अल्बमला सढळ हातानं पैसे आणि वेळ दिला. गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीझ-ग्रीन यांनी काय केलं? लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत, म्हणजे एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये, जवळजवळ वर्षभर दिवे घालवून काम केलं. वादकांना बोलवायचे, अंधारात तासन् तास वाजवू द्यायचे, आणि त्यातले काही क्षण तेवढे ठेवून बाकी सगळं पुसायचे. १९८८ मध्ये 'स्पिरिट ऑफ ईडन' आला. त्यात फक्त सहा गाणी. पहिली तीन एकमेकांत मिसळलेली. खप आधीपेक्षा कमी झाला, बँडचं आणि कंपनीचं भांडण कोर्टात गेलं. तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीकडून 'लाफिंग स्टॉक' आला आणि बँड संपला. हॉलिसनं १९९८ मध्ये एक अल्बम एकट्यानं केला आणि मग तो गप्पच राहिला. २०१९ मध्ये तो गेला.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो जुलै महिना होता. टिळकवाडीत दुपारपासून वीज नव्हती, बाहेर पाऊस धरलेला. भाच्याच्या लॅपटॉपमध्ये थोडी बॅटरी शिल्लक होती. त्यानं हेडफोन माझ्या कानाला लावला. आधी ट्रम्पेटचा एक लांब सूर, मग काही नाही, मग तंतुवाद्यांची पुसट सावली, पुन्हा काही नाही. मला वाटलं बॅटरी गेली. हेडफोन काढला तर पन्हाळीवरून पडणारं पाणी ऐकू आलं, आणि लक्षात आलं की गाण्यातली शांतता आणि अंगणातला पाऊस एकमेकांच्या आड येत नाहीत. त्यानंतर १९८२ ची त्यांची गाणी मी मुद्दाम ऐकली. चांगली आहेत. पण तसं चांगलं त्या वेळी आणखी वीसेक बँड करत होते. १९८८ चं काम दुसऱ्या कोणाचंही नाही.

तू म्हणशील, हे सगळे काहीतरी अघटित घडल्यावर सुधारले, आमच्या बँडमध्ये तर कोणी आजारी नाही की कोणी सोडून गेलं नाही. मग रेडिओहेड ऐक. शाळेपासूनचे तेच पाच जण, आजतागायत. १९९३ चा पहिला अल्बम 'पाब्लो हनी' तीनेक आठवड्यांत रेकॉर्ड केलेला, त्यात 'क्रीप' हे एक गाणं जगभर गाजलं आणि बाकीचं फारसं कोणी लक्षात ठेवलं नाही. दोनच वर्षांनी 'द बेंड्स', १९९७ मध्ये 'ओके कॉम्प्युटर'. त्याचं बरंचसं रेकॉर्डिंग बाथ शहराजवळच्या एका जुन्या वाड्यात झालं. एका गाण्यातला आवाज त्यांनी दगडी जिन्यात गाऊन घेतला, यंत्रानं नकली प्रतिध्वनी न घालता. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, त्या जुन्या जैन मंदिरात, कधी हळू आवाजात एक सूर लावून बघ. छतावरच्या दगडी कमळाखाली उभं राहिलं की तो सूर डोक्यावर थांबल्यासारखा वाटतो. तो आवाज त्या गाण्यात आहे. आणि २००० मध्ये 'किड ए' आला तेव्हा ज्या गिटारींनी त्यांना मोठं केलं त्याच गिटारी त्यांनी बऱ्याच गाण्यांत बाजूला ठेवल्या. माणसं तीच, सवयी तेवढ्या तोडल्या.

बीटल्सचं तुला माहीत असेल. पहिल्या अल्बममधली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात रेकॉर्ड केलेली. ती मला आजही आवडतात, त्यात तरुण घशाचा ताजेपणा आहे. पण १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'शी त्याची तुलना होत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी जाहीर कार्यक्रम बंद केले, कारण किंकाळ्यांत स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर दिल्लीचा इंडियन ओशन. १९९३ चा पहिला अल्बम चांगला होता, पण २००० च्या 'कंदिसा'नं त्यांना खरं नाव दिलं. शीर्षकगीत आहे केरळच्या सुरियानी ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवरचं, भाषा अरामी. त्याच अल्बममध्ये नर्मदेवरचं लोकगीतही आहे. मधल्या काळात अमित किलम ड्रमवर आला होता. तुमच्यात कन्नड ड्रमर आहे, त्याच्या दोन गाण्यांना हात लावू नका. ती काढून 'सगळं मराठी' करायचा सल्ला कोणी दिला तरी करू नका.

तुझे मित्र साफ चुकलेत असंही नाही. गन्स अँड रोझेसनं १९८७ च्या पहिल्या अल्बममध्ये जे केलं ते पुन्हा त्यांना जमलं नाही, माझ्या मते तरी. असे बँड पुष्कळ आहेत. पहिल्या अल्बमसाठी माणूस वीस वर्षं गोळा करत असतो, दुसरा वर्षभरात उरकावा लागतो, म्हणून दुसरा बऱ्याचदा पडतो. तुम्ही दोन वर्षं घेतलीत, हे फार बरं झालं. आणि मित्रांना जुनी पाच गाणी आवडतात त्यात गॅदरिंगची रात्रही मिसळलेली आहे, नाचलेले पाय मिसळलेले आहेत. नव्या गाण्यांना अजून तशी रात्र मिळालेली नाही.

म्हणून रेकॉर्डिंगची घाई करू नकोस. ती सात गाणी आधी दहा-बारा वेळा लोकांसमोर वाजवा. गणपतीत कुठल्या मंडळासमोर, कोणाच्या गच्चीवर, खानापुरात तुझ्या घरच्या अंगणात वाजवा. प्रत्येक वेळी एक गोष्ट काढून बघा. एखादं कडवं, एखादा गिटारचा तुकडा, दुसऱ्यांदा येणारा कोरस. काढल्यावर गाणं कोसळलं तर ती परत घाला. नाही कोसळलं तर तो रायझर होता. मग मला पाठव. मी ऐकेन आणि जे वाटेल ते स्पष्ट लिहीन.

प्रश्न : आमच्या घरी एक वाद कायम चालू असतो. माझे पती म्हणतात, मूळ गायक गेला की बँड संपला, पुढं नुसतं नाव उरतं. मला तसं वाटत नाही. तुमचं मत काय?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मी तुमच्या बाजूनं आहे, आणि तुमच्या पतींना दोन अल्बम ऐकवा असं सुचवते.

पहिला फ्लीटवुड मॅक यांचा 'रूमर्स'. हा बँड १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला, पीटर ग्रीन या गिटारवादकाचा ब्लूज बँड म्हणून. ग्रीन १९७० मध्ये सोडून गेला. त्यानंतर माणसं आली आणि गेली. १९७४ च्या शेवटी लिंडसी बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स हे अमेरिकन जोडपं आलं, आणि १९७७ मध्ये 'रूमर्स'. त्या अल्बमच्या वेळी बँडमधली दोन्ही जोडपी तुटत होती. ज्याच्याबद्दल गाणं लिहिलं तोच माणूस शेजारी उभा राहून त्यात वाजवतोय, असा प्रकार. तरीही, किंवा त्यामुळंच म्हणा, गाणी इतकी स्वच्छ आहेत की एक सूर जादा नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. पहिल्या वर्षापासून फक्त दोघं टिकली : ड्रम वाजवणारा मिक फ्लीटवुड आणि बास वाजवणारा जॉन मॅकव्ही. बँडला नाव या दोघांचंच, आणि ते दिलं होतं पीटर ग्रीननं, स्वतःचं न देता. आमच्या वडगावच्या भजनी मंडळात गाणारे किती बदलले, पण मृदंगावर एकच आजोबा चाळीस वर्षं बसले. ते होते तोवर मंडळ तेच आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. पखवाज आणि टाळ ज्यांच्या हातात, मंडळ त्यांचं.

दुसरा एसी/डीसीचा 'बॅक इन ब्लॅक'. फेब्रुवारी १९८० मध्ये त्यांचा गायक बॉन स्कॉट अचानक वारला. पाच महिन्यांत नवा गायक ब्रायन जॉन्सनला घेऊन त्यांनी हा अल्बम आणला. वेष्टण पूर्ण काळं, दुखवट्याचं, आणि सुरुवात घंटेच्या टोल्यांनी. हा त्यांचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम. आधीच्या गायकाला विसरून हे झालं नाही, त्याला खांदा देऊन झालं. तुमच्या पतींना ती घंटा ऐकवा आणि मग विचारा, नाव उरलं की बँड उरला.

प्रश्न : सीमाभागात मराठी टिकवण्यासाठी एवढी धडपड चालली असताना मराठी मासिकाची पानं इंग्रजी बँडवर का खर्च करता?
— एक ज्येष्ठ वाचक, शहापूर

उत्तर : आपली कळकळ मला समजते. माझ्या घरानेही ती जगली आहे आणि १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवशी मी लहानपणापासून वडिलांबरोबर फेरीत चालले आहे. पण आमच्या गल्लीतली मुलं ही गाणी ऐकतातच, मी लिहिलं काय, न लिहिलं काय. त्यांना त्याबद्दल वाचायचं असेल तर ते इंग्रजीत वाचतात. ड्रम कसा वाजतो, आवाज कसा थांबतो, एखादं गाणं का रडवतं, हे त्यांना मराठीत बोलता यावं असं मला मनापासून वाटतं. वरच्या अनगोळच्या मुलाचं पत्र चार पानी होतं, हातानं लिहिलेलं, मराठीत. आपण ते वाचलंत तर आनंदच होईल. मी संपादकांना त्याची प्रत आपल्याकडे पाठवायला सांगितलं आहे, अर्थात त्या मुलाला विचारून.

प्रश्न : बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या कपाटात साठ-सत्तर कॅसेटी आहेत, बऱ्याच भरून घेतलेल्या, काही रॉकच्या. पावसाळ्यात बघितलं तर आत पांढरी बुरशी दिसली. टाकून द्यायला मन होत नाही. वाजवून बघू का?
— स., खानापूर

उत्तर : तशाच वाजवू नका. बुरशी टेपच्या हेडला आणि रोलरला लागते, आणि मग त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. खानापूरच्या पावसात ही तक्रार घरोघरची आहे. माझ्याही वीसेक गेल्या आहेत.

आधी बुरशी दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या कॅसेटी वेगळ्या करा. सगळ्या कपाटातून काढून हवेशीर, कोरड्या खोलीत ठेवा, उन्हात नको, उन्हानं फीत वाकडी होते. स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात आठवडाभर ठेवल्यात तर फारच चांगलं. मग तोंडाला रुमाल बांधून, घराबाहेर, मऊ कोरड्या कपड्यानं वरची बुरशी पुसा. ज्या कॅसेटच्या चारी कोपऱ्यांत आणि मध्ये बारीक स्क्रू आहेत त्या उघडता येतात. उघडताना आतली फीत निसटू देऊ नका आणि फितीच्या मागे स्प्रिंगवर जो छोटा फेल्टचा तुकडा असतो तो जागेवर आहे का बघा. तो गळून पडला की आवाज बसका येतो आणि माणूस फितीला दोष देतो. तो तुकडा दुसऱ्या फालतू कॅसेटमधून काढून बसवता येतो. ज्यांना स्क्रू नाहीत, नुसत्या चिकटवलेल्या आहेत, त्यांना सध्या हात लावू नका.

मग एखादा जुना, खराब झाला तरी चालेल असा प्लेअर घ्या. कॅसेट वाजवायच्या आधी एकदा शेवटपर्यंत पुढं आणि एकदा मागं फिरवा, चिकटलेली फीत सुटी होते. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आणि रोलर कापसाच्या बोळ्यानं पुसा. हेडला आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरा, औषधाच्या दुकानात मिळतं. एकदा वाजली की लगेच कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, कारण ती दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही.

सत्तर कॅसेटी एका पावसाळ्यात होणार नाहीत. कुठून सुरुवात करायची म्हणाल, तर वरच्या कागदावरची शाई बघा. ज्या कॅसेटवरची अक्षरं बोटांनी सगळ्यात जास्त पुसट झाली आहेत, ती बाबांनी सगळ्यात जास्त हाताळलेली. ती आधी घ्या. आणि त्यातही जी बाजू थोडी सैल वाजते, तिथून.